त्या मेसेजातला एकही फोटो खोटा नव्हता

धुळवडीच्या आदल्या दिवशी, म्हणजे ९ मार्च २०२० ला, माझ्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये ४,८०० ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेले पक्षी होते आणि त्यांना दिवसाला सोळा पोती खाद्य लागत होतं. पन्नास किलोचं पोतं तेव्हा साडेसोळाशेला पडायचं. म्हणजे रोजचे २६,४०० रुपये. पक्षी एकेचाळीस दिवसांचे झाले होते, वजन दोन किलोच्या वर गेलं होतं. त्यापुढे पक्षी खातो जास्त आणि अंगाला लागतं कमी, म्हणून एकेक दिवस अंगावर येतो. २८ जानेवारीला पिल्लं टाकताना मी कॅलेंडर बघूनच टाकली होती. आमच्या विटा-खानापूर भागात धुळवडीला घरोघरी रस्सा शिजतो, त्यामुळे त्या आठवड्यात माल हातोहात उचलला जातो.

व्यापाऱ्याची गाडी आलीच नाही. फोन केला तर म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाईकच नाही. फुकट देतो म्हटलं तरी लोक लांबून जातात." कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, अशी अफवा तोवर सगळीकडं पसरली होती.

या गोष्टीला पाच वर्षं होऊन गेली. मी ती लिहिली नव्हती, कारण तिचा एक भाग मला कुणाला सांगायचा नव्हता. पण २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे करणारा आजार) रुग्ण सापडले, कोंबडीचं नाव पुन्हा निघालं, आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर पुन्हा माझ्याकडे बोटं वळली. तेव्हा ठरवलं, आता सगळं लिहून टाकायचं.

त्या अफवेचा पहिला मेसेज मला कुणी अनोळखी माणसानं पाठवला नव्हता. तो माझ्या आत्यानं पाठवला. आमच्या भागात घराघरातलं कोणी ना कोणी गलाईच्या धंद्यात आहे, सोनं-चांदी आटवायला देशभर पांगलेलं. आत्याचं बिऱ्हाड गेली तीस वर्षं केरळात, त्रिशूरला. भारतातला कोरोनाचा पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० ला सापडला तो त्याच त्रिशूर जिल्ह्यात. तिचा जीव किती टांगणीला लागला असेल, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं ग्रुपवर तीन फोटो टाकले आणि खाली आपल्या आवाजात बोलली, "आरं लेका, पोरास्नी कोंबडी घालू नगंस आता. ह्ये बघ काय आलंय."

ते तीन फोटो मी नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे.

पहिल्या फोटोत सोललेली कोंबडी होती आणि तिच्या मांडीवर, छातीवर लाल-काळे रक्ताचे ठिपके. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा फोटो. मी बघताक्षणी ओळखलं: हा गंबोरो. कोंबडीच्या पिल्लांचा जुना रोग आहे, आम्ही बाराव्या-चौदाव्या दिवशी त्याची लस पाण्यातून पाजतो. माणसाचा आणि त्याचा काही संबंध नाही. माझी थोरली तेव्हा अकरावीला होती. तिनं तो फोटो मुळात कुठून आला ते इंटरनेटवर शोधून दाखवलं; परदेशातल्या एका पशुवैद्यकीय पानावर तो कित्येक वर्षांपासून होता, आणि खाली रोगाचं नाव बरोबर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या फोटोत इंग्रजी पुस्तकाचं एक पान होतं, कोंबड्यांच्या रोगांचं. त्यात 'कोरोनाव्हायरस' या शब्दाभोवती लाल गोल काढलेला. हेही खरं होतं! कोंबड्यांना इन्फेक्शस ब्राँकायटिस नावाचा श्वासाचा आजार होतो, आम्ही त्याला नुसतं आयबी म्हणतो. त्याची पहिली नोंद १९३१ ची, अमेरिकेतली, आणि तो ज्या विषाणूनं होतो तो कोरोना घराण्यातलाच आहे. पण घराणं एक म्हणजे माणूस एक नव्हे. हा विषाणू जवळजवळ नव्वद वर्षं कोंबड्यांतच फिरत होता, जगभर त्याची लस मिळत होती, आणि माणसाला तो लागत नाही. वुहानमधून पसरलेला विषाणू त्याच घराण्याच्या वेगळ्या शाखेतला. पुढे त्याच वर्षी जर्मनीतल्या फ्रीडरिख लोफलर संस्थेनं कोंबड्यांच्या नाकात तो विषाणू मुद्दाम घालून पाहिला. फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला आणि वटवाघळांना लागण झाली, कोंबड्यांना झाली नाही. पण हे कळेपर्यंत माझं शेड रिकामं झालं होतं.

तिसरा फोटो जुन्या बातमीच्या कात्रणाचा होता. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, फेब्रुवारी २००६, भारतातला पहिला बर्ड फ्लू. पांढऱ्या पोशाखातली माणसं पोत्यांत कोंबड्या भरताहेत. हेही घडलेलं. तिथं लाखांनी पक्षी मारावे लागले होते. माझे वडील तेव्हा अंड्यांच्या कोंबड्या पाळायचे. आमच्यापासून नवापूर कुठल्या कुठं, तरी त्या महिन्यात आमची अंडी पडून राहिली होती, हे मला चांगलं आठवतं. वडील त्या वेळी कुणावर चिडले नाहीत. म्हणाले, "रोग खरा हाय. लोक भितील न्हाय तर काय करतील."

मला आजही वाटतं की त्या मेसेजचं सामर्थ्य यातच होतं. फोटो खरा, पुस्तक खरं, बातमी खरी. खोटं काय होतं? तिघांना एका ओळीत बसवणं. तिन्हीखाली 'कोरोनामुळे मेलेल्या कोंबड्या, सावध राहा' एवढंच लिहिलं की काम झालं. मी ग्रुपवर लिहिलं, "हे खोटं आहे." चुलत्यांनी लगेच विचारलं, "खोटं काय हाय त्यात? पुस्तकात लिहिलंय न्हवं?" एका ओळीच्या मेसेजला मला दीड पान उत्तर लिहावं लागत होतं, आणि दीड पान कोण वाचतो?

त्यात मी कोंबडीवाला. माझं पोट त्यावर. माझ्या शब्दाला वजन उरलं नव्हतं आणि त्यात लोकांचीही चूक नव्हती.

एका वृत्तवाहिनीनं तर याहून सोपी युक्ती केली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'चिकन खाल्ल्याने कोरोना?' एवढंच लिहिलं. शेवटी प्रश्नचिन्ह. आत अर्धा तास डॉक्टर सांगत होते की असा काही पुरावा नाही. पण आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर टीव्हीचा आवाज बंदच असतो. तिथं लोकांनी वाचली फक्त ती ओळ, आणि प्रश्नचिन्ह कोण वाचतो! केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं फेब्रुवारीतच सांगितलं होतं की कोंबड्यांमुळे माणसाला हा आजार झाल्याचं जगात कुठंही आढळलेलं नाही. ते पत्र आमच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर शंभर वेळा फिरलं. म्हणजे ज्यांना ते आधीच माहीत होतं त्यांच्यातच. फेब्रुवारीच्या शेवटी हैदराबादेत तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवलं. आम्ही मोठ्या आशेनं तो व्हिडिओ पाहिला. माझ्या आईनं एका वाक्यात निकाल लावला: "त्यास्नी काय झालं तर मोठ्या दवाखान्यात जातील. आपलं काय?"

धुळवडीच्या दिवशी गावात मटणाच्या दुकानापुढं रांग होती. चिकनवाला शटर अर्धं ओढून बसला होता. त्याच्या आदल्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले होते.

पुढचे आठ दिवस मी पक्ष्यांना अर्ध्या खाद्यावर ठेवलं. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. भुकेला पक्षी कसा असतो हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगता येत नाही. माणूस शेडमध्ये शिरला की ४,८०० पक्षी एका वेळी अंगावर धावून येतात, एकमेकांना टोचतात, कोपऱ्यात ढीग होऊन खालचे गुदमरतात. तीनशे असे गेले. शेवटी ३,१०० पक्षी ११ रुपये किलोनं दिले. ज्याचा खर्च मला किलोला त्र्याहत्तर रुपये आला होता तो माल. चौदाशे आजूबाजूच्या वाड्यांवर, ऊसतोड मजुरांच्या खोपटांवर वाटले. साडेआठ लाखांच्या वर घातले होते, हातात पंचाहत्तर हजार आले. त्याच दिवसांत आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ एका शेतकऱ्यानं सहा हजार पक्षी खड्ड्यात जिवंत पुरल्याचा व्हिडिओ आला. लोक त्याला निर्दयी म्हणाले. मी म्हणालो नाही.

आता जे सांगायचं नव्हतं ते.

१४ मार्चला रात्री मला एक मेसेज आला. 'आलं, लसूण, हळद आणि काळी मिरी घातलेला कोंबडीचा गरम रस्सा दिवसातून दोनदा प्यायल्यास कोरोनाचा विषाणू घशातच मरतो.' खाली दिल्लीच्या एका मोठ्या डॉक्टरचं म्हणून नाव. वर दोन बाणांची खूण होती, म्हणजे अनेकदा पुढं ढकललेला. मी पोल्ट्रीत पंधरा वर्षं काढलीत, विषाणू म्हणजे काय हे मला कळतं. आयबीला काढा चालत नाही, कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला चालत नाही, मग याला कसा चालेल? हे सगळं त्या क्षणी डोक्यात आलं होतं. तरी मी तो मेसेज पुढं पाठवला. अकरा ग्रुपवर.

आणि इथं एक गोष्ट मला पुढं फार दिवस टोचत राहिली. मेसेज एका वेळी पाचापेक्षा जास्त ठिकाणी जात नव्हता, म्हणून मी तो तीनदा पाठवला. पाचाची ही मर्यादा भारतात का आली ते मला माहीत होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना 'पोरं पळवणारे' समजून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. ती माणसं बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी. मंगळवेढा आम्हाला लांब नाही. त्या समाजाची माणसं आमच्या वाडीवरही यायची, माझी आई त्यांना सुपातून जोंधळे घालायची. त्या उन्हाळ्यात देशभर पोरं पळवण्याचे जे व्हिडिओ फिरले त्यातला एक कराचीचा होता. मोटरसायकलवरचे दोघे गल्लीतलं पोर उचलून नेतात. मूळ व्हिडिओ पालकांना सावध करण्यासाठी केलेला. शेवटी ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. म्हणजे तिथंही जे दिसत होतं ते जसंच्या तसं चित्रित केलेलं होतं, फक्त पुरतं नव्हतं. देशभर चाललेल्या त्या हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल असं केलं.

ती अडचण मी अर्ध्या मिनिटात ओलांडली. तीनदा बोट दाबलं, झालं.

माझी समजूत अशी होती की त्यांनी एक खोटं सोडलं, मी त्यावर दुसरं सोडतोय, आणि माझं खोटं कुणाचं वाईट करणार नाही. रस्सा पिऊन कुणाचं काय बिघडणार?

सप्टेंबर २०२० मध्ये सांगली जिल्ह्यात खाट मिळत नव्हती. आमच्या खालच्या आळीतल्या आबांना ताप आला. पासष्टीचे, मधुमेह असलेले. त्यांनी चार दिवस घरीच काढले. सून चाचणी करू म्हणत होती, आबा नको म्हणाले. दोन वेळा रस्सा पीत होते, आलं-लसूण घालून. पाचव्या दिवशी धाप लागली तेव्हा सांगलीला नेलं. नऊ दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. परत आल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा अंगणात खाटेवर बसले होते, निम्मे झाले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "तुझा निरोप आला हुता न्हवं मार्चात. म्या म्हनलं, ह्यो कोंबडीवाला हाय, ह्याला रोगाचं समजतं."

रागानं नव्हते बोलत. म्हणून जास्त लागलं. फेब्रुवारीत माझ्या खऱ्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि मार्चात एका माणसानं ठेवला, तो नेमका मी खोटं पाठवलं तेव्हा. मी त्यांना तिथंच सांगितलं की तो मेसेज खोटा होता आणि मला ते कळत होतं. आबा बराच वेळ गप्प बसले. मग सुनेला चहा टाकायला सांगितला.

त्या दिवसापासून लोकांच्या 'अडाणीपणा'बद्दल बोलणं मी बंद केलं. आत्या भीतीपोटी पाठवत होती, मी पैशापोटी. दोघांनाही त्या क्षणी ते खरं असावंसं वाटत होतं. शिकलेल्या माणसाला फसवायला एवढं पुरतं.

अफवेनं माझं आणखी एक नुकसान केलं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ब्रॉयलरला वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शनं देतात, हे मला वर्षातून वीस वेळा ऐकावं लागतं. पाच हजार पक्ष्यांना धरून रोज इंजेक्शन कोण देणार? पक्षी चाळीस दिवसांत दोन किलो होतो तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या जातीमुळे आणि मोजून दिलेल्या खाद्यामुळे. प्लास्टिकच्या अंड्यांचंही तसंच. २०१७ साली ती आवई उठली होती; लोक कवचाच्या आतला पापुद्रा ताणून, जाळून दाखवत होते. तो पापुद्रा प्रत्येक अंड्यात असतो. ही उत्तरं देण्यात आमची सगळी ताकद गेली. आणि खरा प्रश्न कुणी विचारला? अँटिबायोटिकचा? २०१४ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं दिल्ली परिसरातून कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले तेव्हा ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसाला शेवटचा उपाय म्हणून देतात ते औषध आमच्या धंद्यात पिल्लांच्या पाण्यात सर्रास पडायचं. २०१९ मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली. मीही ते वापरलंय. त्या काळात एखाद्या गिऱ्हाइकानं मला हे विचारलं असतं तर मला खाली मान घालावी लागली असती. पण सगळे हार्मोनचंच विचारत राहिले, आणि मी ताठ मानेनं नाही म्हणत राहिलो.

तर २०२५ चं. जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण एकामागून एक सापडायला लागले. मुख्य संशय पाण्यावर होता, पण काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू मिळाला, आणि तो कोंबडीच्या आतड्यात असतो. दोन दिवसांत ग्रुपवर फोटो आला. पुन्हा कोंबडी, पुन्हा लाल गोल. माझ्या शेडमध्ये तेव्हा बत्तीस दिवसांचा माल होता.

धंद्यातल्या एका मित्रानं लगेच तयार मेसेज पाठवला: 'जीबीएस आणि चिकनचा काहीही संबंध नाही. बिनधास्त खा.' पुढं ढकलायला अगदी सोपा. मी तो तसाच ठेवला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, डॉक्टरांशी अर्धा तास बोललो, आणि घरी येऊन भावकीच्या ग्रुपवर आवाजात सांगितलं. हा जिवाणू कोंबडीत असतो, हे खरं आहे. माझ्याही कोंबडीत असू शकतो. घाण पाण्यातूनही तो येतो. तो पोटात गेला तर बहुतेकांना जुलाब होऊन बरं वाटतं, क्वचित एखाद्याला नंतर जीबीएस होतो. पूर्ण शिजवलं की तो मरतो. कच्चं मांस नळाखाली धुताना पाणी उडतं, त्या ओट्यावर कोशिंबीर चिरू नका. विळी, पाट, हात साबणानं धुवा. पाणी उकळून प्या. दोन मिनिटं दहा सेकंद लागली.

त्या आठवड्यात माझा माल किलोमागे आठ-नऊ रुपयांनी खाली गेला. माझ्या बोलण्यानं गेला असं नाही, सगळ्यांचाच गेला. पण मित्र रागावला, अजून नीट बोलत नाही.

संध्याकाळी त्रिशूरहून आत्याचा फोन आला. पंचाहत्तरी ओलांडली आहे आता, ऐकायला कमी येतं, म्हणून तिनं माझं बोलणं नातीकडून दोनदा लावून घेतलं होतं.

"म्हंजे खायाचं का न्हाय?"

"खा आत्या. चांगलं शिजवून खा."

"आन ह्ये तुझं बोलणं हिकडच्या आपल्या गलाईवाल्यास्नी धाडू का?"

"धाड. पण नुसतं धाडू नको. कुणी बोललंय ते माझं नाव, गावाचं नाव सांगून धाड."